छावणीतलं हसू

मी ज्या दूध संस्थेचा अध्यक्ष झालो तिच्याकडे त्या वर्षी दूध नव्हतं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. संकलन केंद्रातलं फॅट मोजायचं यंत्र पिशवीत गुंडाळून फळीवर ठेवलेलं होतं आणि दुधाच्या कॅनांतून लोक टँकरचं पाणी वाहत होते. अशा संस्थेला अध्यक्ष कशाला लागतो, असं मी निवडीच्या बैठकीत विचारलं तेव्हा सगळे हसले. लोक हसले की आपलं म्हणणं त्यांना पटलं, असा माझा जुना समज होता. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आणि वर्गातली मुलं मास्तरांच्या विनोदाला कशासाठी हसतात याचा विचार मी कधी केला नव्हता.

मला निवडलं त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. गावात दोन पार्ट्या होत्या आणि दोन्हींनाही समोरचा माणूस नको होता. मी निवृत्त मास्तर, घरी दोन कपाटं भरून पुस्तकं. सभासद होण्यापुरती एक म्हैस माझ्या नावावर होती, पण ती ओळखायची बायकोला. त्या उन्हाळ्यापुरती तिला आम्ही वडवणीला मेव्हण्याकडे पाठवलं होतं. चाऱ्यात ज्याचा स्वार्थ नाही असा माणूस बरा, असं दोन्ही बाजूंचं एकमत झालं. चाऱ्यातलं ज्याला काही कळत नाही असा माणूस, हे त्याच गोष्टीचं दुसरं नाव होतं, पण ते कोणी उच्चारलं नाही.

माझ्या आधीचे अध्यक्ष दहा वर्षं त्या खुर्चीवर होते. त्यांना फेटा लागायचा. संस्थेत नवा वजनकाटा आला तरी त्याला हार, समोर नारळ, यांना फेटा, आणि मग काट्यावर पहिली कॅन. बैठक संपली की मात्र ते फेटा काढून खुंटीला अडकवत आणि केंद्राच्या पायरीवर दूध घालायला येणाऱ्या बायांशी तासभर बोलत बसत. याला मी मत मागायची रीत समजत असे. त्यांच्या फेट्याची, भाषणाची, 'उपस्थित बंधूंनो आणि भगिनींनो'ची मी हुबेहूब नक्कल करायचो. अध्यक्ष झाल्यावर पहिला ठराव मीच मांडला: संस्थेच्या कोणत्याही कार्यक्रमात हार, शाल, नारळ, फलक नको. ठराव मंजूर झाला. त्या दिवशी घरी चालत येताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे कबूल करायला हवं. साधेपणाचाही एक फेटा असतो आणि तो खुंटीला टांगता येत नाही, हे मला पुढे कळलं.

संक्रांतीनंतर आमच्या संस्थेला चारा छावणी मिळाली. नेकनूरच्या बाजूला रस्त्यालगत गायरान होतं, तिथे बांबू रोवून, वर शेडनेट टाकून जनावरांच्या रांगा केल्या. जनावरासोबत घरातलं एक माणूस राहायचं. हातपाय धड असलेले सगळे दसऱ्यानंतरच ऊसतोडीला गेले होते, त्यामुळे राहायला आले ते म्हातारेच. महिनाभरात ते म्हाताऱ्यांचं आणि गुरांचं एक गाव झालं. सकाळी टँकर, मग शेणगोळा, दुपारी चारा, संध्याकाळी पेंड. अधल्यामधल्या वेळात खोकला आणि तंबाखू.

तिथे तिसऱ्या रांगेत एक आबा होते. वस्तीवरचे, उंच, वाकलेले, बोलायच्या आधी टोपी काढून हातात घेणारे. मुलगा आणि सून कोयता घेऊन खाली कारखान्यावर गेलेले. घरात उरलं ते आबा आणि एक गाय. लाल कंधारी, अंगाने भरलेली, गाभण. पाडव्याच्या आसपास ती विणार होती आणि त्याच सुमाराला मुलगा-सून परतणार होते. ही तारीख आबांनी छावणीतल्या प्रत्येकाला सांगून ठेवलेली. "पोरगं जाताना दावं माझ्या हातात देऊन गेलंय," असं ते म्हणायचे. जाताना मुलाने त्यांच्याकडे एवढंच मागितलं होतं: मी येईपर्यंत हिला सांभाळा. वय झाल्यापासून त्यांच्यावर कोणी सोपवलेलं ते बहुधा शेवटचं काम होतं, आणि ते त्यांना नीट माहीत होतं.

दर शनिवारी दिवस कलताना मी कडुनिंबाखाली बैठक घ्यायचो. अडचणी सांगा, म्हणायचो. पहिल्याच बैठकीत आबा उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले की त्यांच्या रांगेला उतार आहे, जनावराची डोक्याची बाजू खाली येते, गाभण गाईला तसं बसवत नाही, रात्रभर उभी राहते. थोडा मुरूम टाकून जागा सारखी करून मिळाली तर बरं होईल. ते सावकाश, लांबण लावून सांगत होते. मला पुढचे विषय घ्यायचे होते.

मी म्हणालो, "आबा, गाईला एखादी उशी देऊ का?"

बैठक हसली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, टँकरवाला तर मांडीवर थाप मारून हसला. आबाही हसले, टोपी घातली आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशीपासून त्यांचं नाव 'उशीवाले आबा' पडलं. पेंड वाटणारा त्यांच्यापाशी आला की विचारायचा, "आबा, उशी भेटली का गायीला?" आणि पलीकडच्या रांगेतली म्हातारी ओरडून सांगायची, "तिला गादीबी पाहिजेल!" आबा सगळ्यांना हसून साथ द्यायचे. चार दिवसांनी मी पाहिलं, तर ते स्वतःच घमेल्याने मुरूम आणून गाईच्या पुढ्यात पसरत होते. मला बरं वाटलं. लोक स्वावलंबी होताहेत, असं मी त्या आठवड्याच्या अहवालात लिहिलं.

त्यानंतरच्या शनिवारी आबा बैठकीला आले, पण मागे बसले. त्याच्या पुढच्या शनिवारीही. हळूहळू बाकीचेही काही बोलेनासे झाले. अडचणी सांगा म्हटलं की "सगळं बरं हाय गुरुजी" एवढंच. छावणी सुरळीत चालली आहे, याचा तो मला पुरावा वाटत होता.

होळीच्या आधी चार दिवस कडवळाची गाडी आली. कडवळ म्हणजे चाऱ्यासाठी दाट पेरलेली ज्वारी. कालव्याच्या पाण्याखालच्या भागातल्या एका नेत्याने ती आमच्या छावणीला भेट पाठवली होती. सोबत निरोप होता की साहेब स्वतः उद्या सकाळी येतील, फोटोवाला सोबत असेल, तोपर्यंत गाडी तशीच उभी ठेवावी. जुने अध्यक्ष आता संचालक होते. ते म्हणाले, थांबू एक दिवस, त्यांचा मान राहील, पुढे आणखी गाड्या येतील. दोन हारांची सोय मी करतो, तुम्ही बाजूला उभे राहा हवं तर.

माझं डोकं फिरलं. भुकेली जनावरं समोर हिरवा चारा बघत उभी राहणार, कशासाठी, तर कोणाला तरी गवताच्या पेंढीसोबत छायाचित्र काढायचंय. मी गाडीच्या टपाजवळ उभा राहून छोटंसं भाषणच केलं. साहेबांना फोटोच हवा असेल तर त्यांनीही दावणीला उभं राहावं, आम्ही त्यांनाही दोन पेंढ्या टाकू, असं काहीतरी बोललो. गर्दी खूश झाली. गाडी रिकामी करायला माणसं चढली. कडवळ गुडघ्याएवढं होतं, गर्द हिरवं, ओलसर. दोन महिने वाळल्या कडब्यावर आणि उसाच्या कांड्यांवर काढलेली जनावरं त्या वासाने हंबरायला लागली. मला तो माझ्या कारकिर्दीतला सर्वांत चांगला दिवस वाटत होता.

त्या गर्दीतून आबा माझ्याकडे आले. हातात कडवळाचं एक धाट होतं. त्यांनी टोपी काढली.

"काय आबा," मी म्हणालो, "उशीत भरायला नेताय का?"

पुन्हा हसू. माझ्या आजूबाजूला दहा-बारा जण होते, सगळे हसले. आबांनी हातातल्या धाटाकडे पाहिलं.

"न्हाई गुरुजी. काय न्हाई. सहज आलतो."

ते परत गेले. टोपी त्यांनी घातली नव्हती, हातातच होती. हे मला तेव्हा दिसलं नाही, पण दिसलं असणारच, कारण आता ते रोज दिसतं.

अर्धा तासही झाला नसेल. पहिल्या रांगेतला एक बैल थरथरायला लागला. मान वर करून जोरजोरात श्वास घेऊ लागला, तोंडाला फेस आला आणि तो बाजूला पडला. मग दुसऱ्या रांगेत एक म्हैस. मग कुठे कुठे बघावं ते कळेना. कोणीतरी ओरडलं, चारा ओढा पुढ्यातला. जुने अध्यक्ष धोतराचा काचा मारून रांगांतून पळत होते, जनावरांच्या तोंडातून कडवळ उपसत होते. बायांनी उतारा म्हणून मिळेल तेवढा गूळ बादलीत कालवला आणि माणसं बाटलीने तो पाजू लागली. मी मोबाईलवरून नेकनूरच्या जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. तेवढंच मला करता येण्यासारखं होतं. बाकी वेळ मी मध्ये उभा होतो आणि लोक मला वळसा घालून पळत होते.

डॉक्टर तासाभरात आले, शिरेतून इंजेक्शनं दिली, बरीचशी वाचली. चार जनावरं गेली. त्यांत आबांची गाय होती.

आबा तिच्याजवळ मातीत बसले होते. तिचं डोकं त्यांनी आपल्या मांडीवर घेतलं होतं. जागा सारखी होती, मुरूम नीट दाबून बसवलेला. गाईच्या पोटात अजून काही हलत असावं, कारण आबांचा एक हात तिथे होता आणि बराच वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला.

डॉक्टरांनी हात धुता धुता समजावलं. ज्वारीला वाढीच्या वेळी पाण्याचा ताण बसला, ती खुरटली, की तिच्या कोवळ्या पानांत विष तयार होतं. किराळ लागते म्हणतात ती हीच. त्या भागातही पाणी तुटलं असणार, पीक हातचं गेलं असणार, म्हणून कापून भेट दिलेलं. देणाऱ्यालाही बहुतेक कळलं नसेल. उन्हात दोन-तीन दिवस पसरून वाळवलं असतं तर विष पुष्कळ उतरलं असतं. "इतक्या घाईनं ओलंच कशाला टाकलं?" त्यांनी विचारलं. ते मला उद्देशून नव्हतं. आसपासच्या कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही, यावरून सगळ्यांना उत्तर माहीत होतं हे कळलं.

मी आबांकडे गेलो. शेजारी मातीत बसलो. मग विचारलं, "आबा, तुम्ही हेच सांगायला आला होता का?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते विचार करून, मला पटेल असं उत्तर शोधत बोलले.

"धाट मोडून बघितलं तर मला वाटलं, ताण बसलाय ह्याला. पर तुमी हसलाव. म्हणलं एवढी शिकलेली माणसं हायत, आपलंच काय तरी चुकत असंल. समद्यांची खायलीत, मग आपलीच कावून उपाशी ठिवावी? लई हंबरत होती ओ. म्हणून टाकली एक पेंढी माझ्या हातानं."

नेते दुसऱ्या दिवशी आले नाहीत. गाडी त्यांच्या सांगण्याप्रमाणे उभी ठेवली असती, मग सावकाश हार, भाषणं, छायाचित्रं झाली असती, तर निदान एका दिवसाची सवड मिळाली असती. तेवढ्या वेळात आबांना कदाचित दुसरा कोणी तरी ऐकणारा भेटला असता. ज्या थाटामाटाची मी जन्मभर टर उडवली त्याने त्या दिवशी जनावरं वाचली असती. असा हा विनोद आहे, आणि तो मला अजून कोणाला हसवून सांगता आलेला नाही.

सकाळी गायरानाच्या टोकाला खड्डा खणला जात होता, तेव्हा मी जुन्या अध्यक्षांना राजीनाम्याचा कागद दिला. त्यांनी तो वाचला. दोन पानांचा होता. मी रात्रभर बसून चांगल्या भाषेत लिहिला होता.

"लई झ्याक लिवलंय," ते म्हणाले आणि घडी घालून माझ्याच खिशात ठेवला. "पर हे वाचून लोकांनी काय म्हणावं? केवढा मोठा माणूस, असंच ना?"

माझा हात खिशाकडे गेला.

"गुरुजी, मला फेटा लागतो. हे मला ठाव हाय, माज्या बायकोला ठाव हाय, समद्या गावाला ठाव हाय. म्हणून त्यो काढल्याबिगर मी कुणाचं गाऱ्हाणं ऐकायला बसत न्हाई. फेटा घालून बसलं की मला फकस्त माजंच ऐकू येतंय. तुमाला लोकांचं हसू लागतंय. पर ते तुमाला ठाव न्हाई. तुमाला वाटतंय, तुमी साधे हाव."

मग ते खड्ड्याकडे गेले आणि मातीत उतरून मदत करू लागले. पुस्तकांत माणसं स्वतःला ओळखतात तेव्हा त्यांच्या मनावरचं ओझं उतरतं, असं मी वाचत आलो होतो. माझं काही उतरलं नाही. मला फक्त आजवरचे सगळे विनोद एकामागून एक आठवत गेले आणि प्रत्येकात हसणाऱ्यांच्या मधोमध एक न हसणारा चेहरा दिसू लागला. काही चेहरे शाळेतल्या मुलांचे होते. एक माझ्या बायकोचा होता.

राजीनामा दिला नाही. शनिवारच्या बैठका बंद केल्या आणि रोज संध्याकाळी एकेका रांगेतून फिरू लागलो. तोंडाशी आलेलं वाक्य गिळायची सवय करत होतो. हे कोणाला सांगून पटणार नाही, पण ते तंबाखू सोडण्याइतकंच अवघड असतं. प्रत्येकाला विचारायचो, काही चुकतंय का. लोक म्हणायचे, न्हाई गुरुजी, बरं चाललंय. एकदा दावणीजवळ पाणी साचून चिखल झाला होता, तो मला स्वतःच्या डोळ्यांनी बघावा लागला, सांगितला कोणीच नाही. जुन्या अध्यक्षांना मात्र लोक सांगत. मग ते मला सांगत. छावणी संपेपर्यंत कारभार असाच चालला, त्यांच्या कानांनी.

आबा वस्तीवर परत गेले नाहीत. जनावर नसलेल्या माणसाला छावणीत राहता येत नाही असा नियम होता. तो आम्ही कोणी वाचून दाखवला नाही. ते शेजारच्या म्हातारीच्या गुरांचं शेण काढायचे, पाणी पाजायचे. मी रोज त्यांच्यापाशी थांबायचो. ते टोपी काढायचे. काय म्हणता आबा, असं विचारलं की हसायचे, त्या पहिल्या बैठकीत हसले होते तसंच. त्या हसण्याचा अर्थ तेव्हा मला कळला असता तर, असं वाटायचं. मुलाला कळवलं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "फोनवर कसं सांगावं? तो तिकडं उसात. इळा-कोयत्याचं काम हाय. मन थाऱ्यावर पाहिजे."

दुष्काळाने ऊसही लवकर संपला आणि पाडव्याच्या आधीच टोळ्या परतू लागल्या. मुलगा-सून चौसाळ्याच्या फाट्यावर उतरणार असल्याचा निरोप आला तेव्हा मी आबांना म्हणालो, मी येतो तुमच्यासोबत, मी सांगतो त्याला. चूक माझी आहे, ती माझ्या तोंडून त्याला कळू द्या. आबांनी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. आम्ही दोघं सकाळी जीपने फाट्यावर गेलो आणि एका बंद दुकानाच्या सावलीला बसलो. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. मोजकं, साधं, स्वतःला कुठेही न सोडणारं. मग लक्षात आलं की मी पुन्हा राजीनामाच लिहितोय.

ट्रक आला. आधी भांडी, गाठोडी, राहुटीचं पाल खाली आलं. मग सून उतरली आणि तिने वरून एक मोठा भारा ओढून घेतला. उसाचं वाढं होतं, उसाच्या शेंड्याची हिरवी पानं. निघायच्या दिवशी तोडून ओल्या पोत्यात बांधून आणलेली. एवढ्या लांबून, भरलेल्या ट्रकात, माणसांना पाय ठेवायला जागा नसताना. "मामंजी, तिला काय झालं, कालवड का गोऱ्हा?" तिने खाली उतरल्या उतरल्या विचारलं.

मी पुढे झालो. आबांनी माझ्या दंडाला धरलं. जोरात नव्हे, पण थांबावं लागेल असं.

"गाय गेली," ते म्हणाले. "माज्याच हातानं इखारी चारा खाल्ला तिनं. मला ठाव असून टाकला."

मुलगा माझ्याकडे बघत होता, मी इथे कसा, असं. मी बोललो. सगळं सांगितलं, उशीपासून. त्याने ऐकून घेतलं. एवढंच म्हणाला, "तुमी काय करणार गुरुजी. बाबाचं जाणतं डोळं हुतं, त्यानं बघाया पाहिजे हुतं." मग बापाकडे वळून पाहिलं नाही.

माझं सांगणं असं वाया गेलं. शिकलेल्या माणसाचीही चूक असते, ही गोष्ट त्याच्यापर्यंत मला पोचवताच आली नाही. हसणाऱ्यांनी मला तेव्हा जसा मान दिला तसाच तो देत होता, आणि त्या मानाचा भार पुन्हा आबांवरच पडत होता.

भारा रस्त्याच्या कडेला पडून होता. सून त्याच्यावर बसली होती, तोंड पदरात घेऊन. जीपवाला हॉर्न वाजवू लागला तेव्हा आबा गेले, तिला हाताने उठवलं आणि भाऱ्याची गाठ सोडली. एक पान काढून दोन बोटांनी मोडलं, वास घेतला, तुकडा दाताखाली धरून पाहिला. आम्ही तिघंही बघत होतो.

"चांगलं हाय हे," ते म्हणाले. "छावणीत नेऊ. शेजारच्या म्हातारीच्या गायीला घालू."

मी वाकलो आणि भाऱ्याचं एक टोक उचललं. दुसरं आबांनी. मुलगा जरा वेळ तसाच उभा राहिला, मग गाठोडी घेऊन मागून आला.